सुरीची मूठ: खोडाचं लाकूड की मुळाचं?

नुसती नक्षी बघायची असेल तर मुळाचं लाकूड घ्या, विषय संपला. भोवऱ्यासारख्या फिरलेल्या रेषा, मध्येच उमटलेला काळपट पट्टा, हे खोडाच्या सरळ फळीत क्वचितच सापडतं. अडतं ते मूठ टिकण्यापाशी.

खोडाचं लाकूड वाळताना लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आखडतं, आडवं मात्र कितीतरी पट जास्त. रेषा लांबीला धरून ठोकळा कापला की मूठ कुठे हलेल याचा अंदाज येतो. मुळाच्या लाकडात रेषाच दर बोटभर अंतरावर वळते. एक कोपरा आखडतो, शेजारचा तसाच राहतो आणि रिव्हेटच्या, म्हणजे मूठ पात्याला जोडणाऱ्या खिळ्याच्या, भोकापासून केसाएवढी चीर निघते. म्हणून ओल्या ठोकळ्याच्या टोकांना मेण लावायचं, सावलीत ठेवायचा, अधूनमधून वजन करायचं आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. घाई असेल तर खोडच बरं. पण एकदा नीट वाळलं की गुंतलेल्या रेषांमुळे मुळाचं लाकूड सरळ उभं फाटत नाही, हेही खरं.

कापायला मूळ त्रासदायकच. घड्यांत वाळू, कधी चक्क खडा अडकलेला असतो आणि करवतीचे दात तिथेच जातात. आधी तारेच्या ब्रशने धुऊन काढा.

मूळ म्हणजे सगळं एकसारखं नसतं. लांब पसरलेली मुळं बऱ्याच झाडांत खोडापेक्षा हलकी आणि सच्छिद्र असतात. नख दाबून पाहा, खूण उमटली तर सोडून द्या. बुंधा जमिनीत शिरतो तिथलं लाकूड माझ्या मते सगळ्यात चांगलं. अक्रोडाचा हाच भाग बंदुकीच्या दस्त्यांसाठी नावाजलेला आहे.

रोज धुतली जाणारी स्वयंपाकघरातली सुरी असेल तर मी खोडाचं लाकूडच घेईन, शिसमासारखं. मूळच हवं असेल तर व्हॅक्यूममध्ये रेझिन (सुकून कडक होणारा द्रव) मुरवलेला ठोकळा घ्यावा. तो पाण्याला दाद देत नाही, पण वजन वाढतं आणि हाताला थोडा प्लास्टिकसारखा लागतो. पात्याची मागची दांडी मुठीच्या आत लपणार असेल, तर मुळाचा अखंड ठोकळा शोभतो. दोन बाजूंनी पातळ पट्ट्या बसवायच्या असतील, तर त्या एकाच ठोकळ्यातून लागोपाठ कापा, नाहीतर दोन्हीकडची नक्षी जुळणार नाही.