कारण सांगतो म्हणाला आणि 66,500 घेऊन गेला

सहासष्ट हजार पाचशे रुपये. ‘नाडी तपासणी’चे 2,100, महिन्याच्या पुड्या 18,500 च्या अशा दोनदा, आणि वर ‘मेंदूतलं विष उतरवणारं’ भस्म 27,400 चं. कोल्हापुरात मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका लॉजवर दर बुधवारी बसणाऱ्या ‘वैद्या’च्या घशात हे पैसे गेले. असली माणसं कशी गाठतात, ओळखीतल्या कुणाला तरी आधी ‘गुण’ आलेला कसा असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. मलाही ठाऊक होतं. तरी का दिले ते ऐका, मग हसा.

मला स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, किमो सुरू. त्यात मध्येच फिट यायला लागल्या. कॅन्सरच्या पेशंटला फिट आली की घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच येतं, मेंदूत पसरला. एमआरआय केला, स्वच्छ. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नॉर्मल. सोडियम, कॅल्शियम, साखर सगळं जागेवर. पाठीतलं पाणीसुद्धा काढून तपासलं. डॉक्टर म्हणाले, “कारण सापडत नाही. ईईजी नॉर्मल असला तरी फिट असू शकते. लेव्हेटिरासिटाम, ही फिटची गोळी, चालू ठेवा.” खरं तेच बोलले. पण गॅसपाशी एकटीनं उभं राहायचं नाही, न्हाणीला कडी घालायची नाही, गाडी बंद, आणि हे सगळं कशापायी, तर माहीत नाही! त्या माणसाकडे कारण होतं. “ताई, किमोचं विष मेंदूच्या शिरेत अडकलंय.” एका वाक्यात मोकळा. त्या वाक्याचेच पैसे घेतले त्यानं, पुड्या नुसत्या वरकड.

आता त्या स्कॅनच्या फिल्मची गोष्ट. माझ्या फाइलमधली हाताला लागली ती फिल्म त्यानं काढली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि करंगळीच्या नखानं एक काळा ठिपका दाखवला. “ही बघा शीर.” ती फिल्म पोटाच्या सीटी स्कॅनची होती. कोपऱ्यात तसं छापलेलं होतं. माझे दीर पुटपुटले, “वहिनी, हे पोटाचं दिसतंय.” मी त्यांना हातानं खुणावलं, गप बसा. आदल्या रात्री फिटमध्ये जीभ चावलेली, किमोनं तोंड आलेलं, मला धड बोलताही येत नव्हतं. (फिट आली की तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. कुशीवर करा, घड्याळ बघा, पाच मिनिटं उलटली तर 108.) मला इंग्रजी वाचता येतं हो. ग्रॅज्युएट आहे मी. हा बाबा पोटात मेंदू दाखवतोय आणि आमच्या ह्यांनी फोन काढून क्यूआर स्कॅन केला! नाव आलं कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. “भावाचं दुकान हाय,” म्हणाला. त्यावरही कुणी काही बोललं नाही. कॅन्सर वॉर्डाच्या बाहेर बाकावर एकदा बसून बघा, मग सांगा तुम्ही काय बोलला असता.

आणि गुण आला! फिट थांबल्या. दिवसभर झोप, चालताना तोल जायचा, तर म्हणे विष उतरतंय. डॉक्टरांच्या गोळ्या त्यानं बंद करायला लावल्या होत्या. चालू गोळ्या बंद करा म्हणणारा माणूस दिसला की तिथून उठा. मग एका बुधवारी तो आलाच नाही, फोन बंद, पुड्या संपल्या आणि फिट लागली ती थांबेचना. आयसीयूत उरलेली पुडी बघून डॉक्टरांनी रक्तात फिनोबार्बिटोन तपासलं. निघालं. फिटवरची जुनी, स्वस्त ॲलोपॅथीची गोळी कुटून पाल्यात मिसळलेली. ती एकदम तोडली की फिट उसळतात. शिवाय तिच्यामुळे किमोची काही औषधं शरीरातून लवकर निघून जातात. मग मधल्या डोसांचं काय झालं, हे विचारायची छाती मला अजून होत नाही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्ही स्वखुशीनं दिलेत. सायबर म्हणून घ्या म्हटलं, तर समोर बसून दिलेत म्हणे, सायबर कसं? औषधाच्या सरकारी कार्यालयात पाठवलं. तिथं, “बिल कुठंय? सीलबंद नमुना आणा.” वर्तमानपत्राच्या कागदातल्या पुडीला सील मी कुठून आणू? बिल देणारा असता तर तुमच्या दारात आले असते का? 1954 चा कायदा आहे, ज्या रोगांवर रामबाण इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांची त्यात यादी आहे. कॅन्सर आहे, अपस्मारही आहे. माझे दोन्ही रोग यादीत! त्याचं हँडबिल टेबलावर ठेवलं तर साहेब म्हणाले, “ह्यावर छापणाऱ्याचं नाव नाही.” लॉजचं रजिस्टर बघायला कुणी गेलं नाही. वर एकानं विचारलं, “शिकलेल्या दिसता, मग?” हा प्रश्न त्या वैद्याला विचारायला तुमचा पगार आहे, मला विचारायला नव्हे.

नोंदणी क्रमांक विचारा. आयुर्वेदाच्या खऱ्या डॉक्टरलाही असतो. विचारल्यावर जो चिडेल त्याला एक रुपया देऊ नका. पुडी आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आणि त्या लॉजवरून आणलेली पुडी आज तुमच्या घरात कुणी घेत असेल, तर हे वाचून रागानं मोरीत ओतू नका. एकदम तोडलीत तर माझ्यासारखं आयसीयूत जाल. पुडी घेऊन आजच्या आज मेंदूच्या डॉक्टरकडे जा आणि ती हळूहळू कशी उतरवायची ते त्यांनाच ठरवू द्या.