दगडावरचा 6000 हा आकडा खोटा निघाला

हाताने सुरीला धार लावायला शिकताय आणि काही केल्या धार बसत नाहीये? मग मनगटाला बोल लावण्याआधी दगड तपासा. ऑनलाइन खरेदीत मी फसलो तो इथेच.

दोन बाजूंचा दगड मागवला होता. खोक्यावर ठळक छापलेलं: एका बाजूला 1000, दुसऱ्या बाजूला 6000. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. 1000वर धार काढायची, 6000वर ती गुळगुळीत करायची.

पातं 15 ते 20 अंशांत धरून घासत होतो. कोन हलतो का हे कळावं म्हणून धारेलगत मार्कर फिरवला, तर शाई थेट कडेपर्यंत सारखी निघत होती. घासल्यावर पात्याच्या पलीकडच्या अंगाला धातूची खरखरीत कोरही बोटाला लागायची. म्हणजे पहिल्या बाजूचं काम नीट होत होतं. पण 6000वर नेलं की होती ती धारही जायची. कागद कापला जाण्याऐवजी फाटायचा. 'आपल्या हातातच कला नाही' असं वाटून मी शिकणं सोडायच्या बेतात आलो होतो. पैशांपेक्षा मला याचाच राग जास्त आहे.

शेवटी पातं भिंगाखाली धरलं. 6000च्या दगडाचे कण साधारण 2 मायक्रॉनचे असतात, त्यांचे ओरखडे नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. इथे मात्र खोल चरे होते, अगदी पहिल्या बाजूसारखे. घासताना दगडाची ओली भुकटी होऊन साचलेला चिखल दोन बोटांत चोळला, तर वाळूसारखा कचकचला. रंग तेवढा पांढरा, बाकी दगड जाडाभरडाच.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "तुमची पद्धत चुकतेय, सराव करा." नवशिक्याला असं सांगितलं की तो गप्प बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पुन्हा लिहिलं तेव्हा परत करायची मुदत उलटल्याचं कळवलं. नंतर उत्तरच नाही.

मग एका जाणकाराकडून खात्रीचा दगड मागून आणला. सुरी तीच, हात तोच, आणि कागद सरळ कापला गेला.

नवा दगड आला की त्याच दिवशी एखादी जुनी सुरी दोन्ही बाजूंवर घासा, ओरखडे भिंगातून पाहा, चिखल बोटांत चोळून बघा. खटकलं तर खोकं, दगड आणि पातं यांचे फोटो काढून लगेच परत पाठवा. 'आधी सराव करा' असं उत्तर आलं तर थांबू नका, तेवढ्यात मुदत संपते.