आयसोमेट्रिकमधलं गोल तोंड: इंकस्केप काही महिने वापरल्यावर

आधी आम्ही पैसे भरून एक ऑनलाइन डायग्रामची सेवा वापरायचो. वर्गणी संपली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या फायली नुसत्या बघण्यापुरत्या उरल्या, एक रेघ हलवता येईना. तक्रार केली तर उत्तर आलं, 'मोठा प्लॅन घ्या.' कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं शेड आहे, हळद पॉलिशचे ड्रम आणि हळद शिजवायचे कुकर बनवतो. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या चित्रांसाठी डॉलरमध्ये पैसे मोजणं मला पटत नाही. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि नेट गेलं तरी चालतं, म्हणून ते घेतलं. त्याची बाकी ओळख करून देत बसत नाही, थेट गोलावर येते: आयसोमेट्रिक चित्रात, म्हणजे वस्तू तिरकी धरून तिन्ही बाजू एकाच मापाने दाखवणाऱ्या चित्रात, गोल तोंड कसं काढायचं.

आमचा सगळा माल गोल. जुन्या सेवेतला तयार सिलिंडर उभाच असायचा; आडवा केला की तोंड चपटं दिसायचं. वाळव्याच्या एका शेतकऱ्याने चित्र बघून विचारलं होतं, "ताई, ड्रम चेपलाय का वो?" ज्याला लाखाच्या घरातलं मशीन विकायचंय त्याला असं दिसून चालत नाही.

इंकस्केपमध्ये अ‍ॅक्सोनोमेट्रिक ग्रिड, म्हणजे तिरक्या रेषांची जाळी, मिळते, ३० अंशांची. बाजूच्या पृष्ठभागावरचं वर्तुळ काढायला सरळ वर्तुळ घ्यायचं, रुंदी ८६.६ टक्के करायची आणि 'ट्रान्सफॉर्म'च्या खिडकीतून उभा स्क्यू (आकार तिरका ढकलणं) ३० अंश द्यायचा; दुसऱ्या बाजूला उणे ३०. आकार अचूक येतो. पहिले काही आठवडे मी सगळ्यांना हेच सांगत होते.

मग एक चित्र ए३ वर छापलं आणि रेघ डोळ्यांत खुपायला लागली. लंबवर्तुळाच्या लांब टोकांना रेघ जाड, चपट्या बाजूंना बारीक. हिशेब केला तर जाड भाग बारीक भागाच्या १.७३ पट. कारण साधं आहे: वर्तुळ 'वर्तुळ' म्हणूनच राहतं, स्क्यू त्याच्यावर वरून बसतो आणि आकाराबरोबर रेघही ओढली जाते. मोबाइलवर कुणाला दिसत नाही हे मान्य, पण मला दिसतं, आणि एकदा दिसलं की त्या चित्रात दुसरं काही दिसत नाही. उपाय असा: आधी कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून वर्तुळाचा पाथ (बिंदूंनी बनलेली साधी रेघ) करा, मग स्क्यू द्या. रेघ सगळीकडे सारखी राहते.

तरी आता नुसत्या वर्तुळासाठी मी स्क्यू वापरतच नाही. आयसोमेट्रिकमध्ये मोठा अक्ष व्यासाच्या १.२२५ पट आणि छोटा ०.७०७ पट. ९०० मिमीचा ड्रम १:१० प्रमाणात म्हणजे ९० मिमी, लंबवर्तुळ ११०.२ बाय ६३.६ मिमी. रुंदी-उंचीमधलं कुलूप उघडून हे आकडे टाका. वरच्या पृष्ठभागावर असेल तर तसंच ठेवा, बाजूला असेल तर ६० अंश फिरवा. मात्र प्रेफरन्सेसमध्ये जिओमेट्रिक बाउंडिंग बॉक्स निवडलेला हवा, नाहीतर रेघेची जाडीही मापात धरली जाते. ड्रॉ डॉट आयओ या डायग्रामच्या सॉफ्टवेअरमध्येही याच आकड्यांनी काम होतं.

कुठल्या बाजूला फिरवायचं? छोटा अक्ष ड्रमच्या शाफ्टच्या (मधल्या दांड्याच्या) रेषेत आला पाहिजे. मोठा अक्ष शाफ्टला काटकोनात. ड्रमच्या कडेच्या दोन रेषा मोठ्या अक्षाच्या टोकांपासूनच निघतात. हे एवढं जमलं की ड्रम ड्रमसारखा दिसतो, बाकी छटा-बिटा नंतरच्या गोष्टी.

डिप्लोमाला शिकवलेली चार केंद्रांची पद्धत मी शोधून परत तपासली. समभुज चौकोनात कंपासने चार कंस. आमच्या ९० मिमीच्या वर्तुळाला ती मोठा अक्ष १०३.९ देते, म्हणजे सहा मिमीहून जास्त कमी. हातात कंपास असेल तेव्हा ती सोयीची, पण संगणकावर तीच गिरवायला लावणाऱ्या शिक्षकांचं मला खरंच वाईट वाटतं.

फ्लँजला (बोल्टने जोडायच्या गोल चकतीला) मात्र स्क्यूशिवाय गत्यंतर नाही. आठ बोल्टची भोकं पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळावर) सरळ समोरून काढायची, सगळ्यांचे पाथ करायचे, ग्रुप न करता एकत्र निवडायचे, रुंदी ८६.६ टक्के करायची आणि एकदाच स्क्यू द्यायचा. भोकं आपोआप योग्य जागी जातात. एकेक भोक अंदाजाने बसवण्यात अर्धा दिवस जायचा, तो वाचला.

इंकस्केपमध्ये आयसोमेट्रिक वर्तुळाचं वेगळं बटण नाही, ही उणीव आहेच. ऑटोकॅड या विकतच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये आयसोमेट्रिक स्नॅप चालू करून एलिप्समध्ये आयसोसर्कल निवडलं की काम झालं, एफ५ने पृष्ठभागही बदलतो. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी तेच वापरावं. तेवढ्यासाठी विकत मात्र घेऊ नका. मी १०० मिमी व्यासाची तीन लंबवर्तुळं, तिन्ही पृष्ठभागांची, एका फाइलमध्ये काढून ठेवली आहेत. नवीन ऑर्डर आली की त्यातलं एक उचलायचं, कुलूप लावायचं आणि टक्केवारीने लहान-मोठं करायचं.