हँडलवर स्पीकर की हेल्मेटमध्ये?

गाडीवर गाणी ऐकायची तर इअरफोन नकोत, हे आता बहुतेकांना पटलंय. मग उरतात दोन मार्ग: हँडलला किंवा क्रॅशगार्डला क्लॅम्पने बसवायचे ब्लूटूथ स्पीकर, नाहीतर हेल्मेटच्या आत कानापाशी बसणारे इंटरकॉमवाले, म्हणजे ज्यांच्यावरून मागच्याशी बोलताही येतं ते. बाटलीच्या स्टँडमध्ये पोर्टेबल स्पीकर खोचून फिरणारेही दिसतात, पण तो एखाद्या खड्ड्यात उडून मागच्या ट्रकखाली जाणार हे ठरलेलंच, म्हणून त्याला इथेच रामराम.

मी दोन्ही प्रकार वापरलेत, 350 सीसीच्या एकाच बुलेटवर. रोजचं पुणं आणि सुट्टीला ताम्हिणी किंवा वरंधा घाट, हा माझा वापर. हार्लेच्या मोठ्या टूररवाल्यांनी किंवा गोल्डविंगवाल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्यांना कंपनीनेच फेअरिंगमध्ये, म्हणजे पुढच्या आवरणात, स्पीकर दिलेत, वर वेगाप्रमाणे आवाज आपोआप कमी-जास्त होण्याची सोयही दिलीय. आपल्या उघड्या गाडीला ती सोय नाही, आणि सगळं दुखणं तिथेच आहे. त्याकडे येतोच.

हँडलवाल्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. चार्जिंगची कटकट नाही, हेल्मेट कुठलंही घाला, कान मोकळे. मागे बसलेल्यालाही थोडंफार ऐकू येतं. क्रिकेटची मॅच असेल तर टपरीवर गाडी उभी केली की आजूबाजूला चार माणसं जमतात, ती मजा हेल्मेटात नाही. आणि उन्हाळ्यात, गाडी हळू असताना, समोरून येणारं गाणं ऐकायला खरंच मोकळं वाटतं. डोक्याच्या आत वाजणाऱ्या आवाजाला तो मोकळेपणा येत नाही, हे मी आजही कबूल करतो.

खोक्यावरच्या वॅटला मात्र भुलू नका. नाना पेठेत एका दुकानात मला 300 वॅटची जोडी दाखवली. वायर हातात घेतली तर तिच्यावर फ्यूज होता 3 अँपिअरचा. बारा व्होल्ट गुणिले तीन, झाले 36 वॅट. त्याच्यापुढे ओढायला गेलं तर फ्यूज उडणार, मग उरलेले वॅट येणार कुठून? शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो 3 डेसिबलच, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. त्यामुळे वॅटपेक्षा क्लॅम्प धातूचा आहे का, हँडलच्या 22 मिलिमीटर नळीवर घट्ट बसतो का आणि वायरच्या जोडावर रबरी टोपी आहे का, हे आधी पाहा. कोकणात पावसाळ्यात फिरणार असाल तर त्या टोपीचं महत्त्व जास्तच. पाणी स्पीकरच्या जाळीपेक्षा या जोडातून आत जातं, आणि हिरवट गंज धरला की एक बाजू बंद.

बसवणं अवघड नाही, पण तासाभराचं काम समजून दुपारची वेळ देऊ नका, सकाळी लागा. बॅटरीवरून थेट वायर घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज टाका आणि मध्ये रिले, म्हणजे इशारा मिळाला की करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवा. रिलेला चालू-बंदचा इशारा पार्किंग लाइटच्या वायरवरून द्या, म्हणजे चावी काढली की स्पीकरही झोपतात. रिले वाचवायला गेलात तर आतला अँप्लिफायर गाडी उभी असतानाही थोडा थोडा करंट खात राहतो आणि आठ-दहा दिवस गाडी हलली नाही की सेल्फ मारताना नुसतं टिक-टिक. अर्थ फ्रेमच्या रंगावर न देता बॅटरीच्या निगेटिव्हलाच द्या, नाहीतर रेस वाढवली की गाण्यामागे कुंईऽ अशी शिट्टी ऐकू येते. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून बघा. माझ्या गाडीत वायर उजवीकडे वळताना टाकी आणि फोर्कच्या मध्ये चिमटत होती. वायर बांधलेला प्लॅस्टिकचा टाय कापून चार बोटं ढील दिली तेव्हा सुटली. गाडीची मूळ वायर कुठेही कापू नका. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरला तेवढंच निमित्त पुरतं.

आता दुखणं. हँडलच्या स्पीकरला एकच आवाज कधीच पुरत नाही. साठच्या वेगात गाणं ऐकू यायचं तर आवाज जवळपास पूर्ण लागतो. मग नळ स्टॉपचा सिग्नल लाल होतो. गाडी थांबते, वारा थांबतो, आणि तेच गाणं एकदम लग्नाच्या वरातीसारखं वाजायला लागतं. शेजारचा रिक्षावाला मान वळवतो. स्कूटरवरच्या काकू बघतात. तुम्ही घाईघाईने बटण शोधता, हातात ग्लोव्ह, बटण वाटाण्याएवढं, आवाज कमी करायच्या ऐवजी गाणंच पुढे जातं. सिग्नल सुटतो, पन्नास मीटरवर परत काही ऐकू येत नाही, परत बटण. कर्वे रस्त्याला सिग्नल किती आहेत ते पुणेकरांना सांगायला नको.

गाण्याचं एक वेळ ठीक. पण नकाशा लावला की "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" हे अख्ख्या चौकाला कळतं. आणि फोन आपोआप उचलण्याची सोय चालू राहिली असेल तर घरचा संवादही. "अहो, येताना कोथिंबीर आणा, आणि कालच्यासारखी पिवळी नको," हे वाक्य सिग्नलला उभ्या असलेल्या सगळ्यांनी माझ्याबरोबर ऐकलं. मागून कोणीतरी म्हणालं, "आणा हो, हिरवी आणा." त्या दिवसानंतर मी शहरात आवाज कमीच ठेवू लागलो. आणि कमी आवाजात हे स्पीकर चालत्या गाडीवर म्हणजे हँडलला लटकवलेलं वजन.

कारण साधं आहे. स्पीकर कानापासून हातभर लांब, आणि अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो. ऐंशीच्या वेगात हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज 90 डेसिबलच्या आसपास असतो, तोही घुमणारा, खालच्या पट्टीतला. म्हणजे आधी ढोलकी जाते, मग तबला, शेवटी उरते गायकाची वरची पट्टी आणि झांज. त्यातल्या त्यात बरं म्हणजे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळे आपण जुन्या हायवेने साठ-सत्तरनेच जातो. पण तेवढ्यातही फरक पडतोच.

हेल्मेटमधल्या स्पीकरला हा प्रश्न येत नाही. तो कानापासून बोटभर अंतरावर असतो, वाऱ्याच्या आत. चालताना आणि थांबल्यावर आवाज तोच ठेवला तरी चालतो, आणि चौकात कोणाला पत्ता लागत नाही. कार्डो, सेना या कंपन्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात. बंगळुरूच्या ब्लूआर्मरचाही पर्याय आहे. बिननावाचे दीड-दोन हजारांपासून मिळतात, नावाजलेले तीस हजारांच्याही पुढे जातात.

पण यांचेही नखरे आहेत. चार्जिंग विसरलात की दिवसभर मुके. कान दुखणं तर इतकं नेहमीचं आहे की बरेच जण त्यामुळे कंटाळून काढून टाकतात. या दुखण्याचं मूळ बहुधा बसवण्यात असतं, असं माझं मत. गालाच्या गाद्या काढल्यावर हेल्मेटात कानासाठी खळगा दिसतो. 40 मिलिमीटरचा स्पीकर त्या खळग्यात सपाट बसला पाहिजे. खळगा उथळ असेल तर थर्माकोल कोरायचा मोह होतो, तो अजिबात करू नका. डोकं वाचवायचं काम तोच करतो. त्यापेक्षा पातळ स्पीकर घ्या किंवा हेल्मेट बदला. मग हेल्मेट घालून, बोट आत सरकवून कानाचं भोक नेमकं कुठे येतं ते चाचपा आणि स्पीकरचा मध्य तिथे आणा. माझा सुरुवातीला कानाच्या पाळीवर होता, गाणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं. अर्ध्या बोटाने वर-मागे सरकवला आणि तबला परत आला. पूर्ण बंद हेल्मेट असेल तर बटणासारखा माइक हनुवटीच्या आत चिकटवा. दांडीचा माइक उघड्या किंवा उचलत्या हेल्मेटासाठी.

आवाजाच्या बाबतीत थोडं सबुरीने घ्या. इथे कान इतका जवळ आहे की नकळत वाढवला जातो. माझा अंदाज असा: मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न स्पष्ट ऐकू आला पाहिजे, तेवढाच ठेवायचा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातात धरून फोन वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. फोन खिशात असल्याने दोन्ही पर्याय त्यातून सुटतात, तरी नाक्यावरचे हवालदारसाहेब काय म्हणतील याची हमी मी घेत नाही. हँडलवाल्यांच्या मागे मात्र आणखी एक नियम आहे: सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल, रुग्णालय-शाळा-कोर्टाभोवती 100 मीटरपर्यंत त्याहून कमी. पूर्ण आवाजातले हँडलचे स्पीकर ही मर्यादा सहज ओलांडतात.

तरीही हँडलवाले सगळ्यांनीच टाळावेत असं मी म्हणणार नाही. माझी जोडी मेहुण्याच्या गाडीला लावलीय. तो चिपळूणजवळ गावात राहतो, बागेतून बाजारापर्यंत चाळीसच्या वर जात नाही, वाटेत सिग्नल एकही नाही, आणि तो खूश आहे. तुमचा वापर असाच असेल तर चार पैसे वाचवा.

शहरात फिरणार असाल, किंवा मागे बसणाऱ्या माणसाशी ओरडून बोलायचा कंटाळा आला असेल, तर मी हेल्मेटकडे झुकेन. घेताना एवढं करा: आपलं रोजचं हेल्मेट दुकानात घेऊन जा, दुकानदाराकडून स्पीकर तात्पुरता खळग्यात ठेवून घ्या आणि ते डोक्यावर दहा मिनिटं तसंच ठेवा. दहा मिनिटांत कान टोचला तर ताम्हिणीपर्यंत नक्की दुखणार.