कोकणात शाकाहारी जेवणाला वाईन नेताय? आधी वाटप विचारा

मे महिन्यात कुडाळला मैत्रिणीकडे जेवायला बोलावलं होतं, पूर्ण शाकाहारी घर, बेत होता काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या आणि तळलेले गरे. जेवण तिखट म्हणून वाईनही तशीच जोरदार हवी असं वाटून मी शिराझ या रेड वाईनची बाटली नेली. सांबाऱ्याचा घास खाल्ला, वर एक घोट घेतला आणि आधी मालवणी मसाला जिभेवर नुसता पेटला, मग मागून कच्च्या जांभळासारखा तुरटपणा आला. ग्लास तसेच राहिले, सोलकढीचं पातेलं मात्र रिकामं झालं. मला खूप वाईट वाटलं, कारण वाईनही चांगली होती आणि सांबारं तर फारच चांगलं होतं.

त्याचं कारण नीट समजून घेतलं. रेड वाईन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात म्हणून सालीतलं आणि बियांतलं टॅनिन तिच्यात उतरतं, चहा जास्त उकळला की जीभ ओढल्यासारखी होते ना, तेच. मटणासारख्या जेवणातलं प्रोटीन आणि चरबी हे टॅनिन मऊ करतात, आपल्या शाकाहारी ताटात तेवढं काही नसतं. त्यात अल्कोहोलमुळे मिरचीची आग अजून वाढते, आणि शिराझमध्ये साधारण 13-14 टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे तिखट, तुरट आणि गरम तिन्ही एकदम.

तेव्हापासून मी भाजी कुठली हे विचारत नाही, वाटप कुठलं हे विचारते. ओल्या खोबऱ्याचं की भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

ओलं खोबरं असेल, म्हणजे फणसाची भाजी, वालाचं बिरडं, केळफूल, ओल्या काजूची उसळ, तर खरी लढत शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन व्हाइटमध्येच आहे. दोन्ही नाशिकच्या बाजूला भरपूर होतात, सुला या नाशिकच्या कंपनीच्या तर बहुतेक वाईन शॉपमध्ये दिसतात. सोव्हिन्यों कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली), आंबट, वासाला हिरव्या ढोबळी मिरचीसारखी, त्यामुळे कोथिंबीर, हिरवी मिरची, काकडीची कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी असलं सगळं असेल तर ती मस्त लागते. पण रत्नागिरीकडच्या बऱ्याच घरांत उसळीला आमटीला गूळ पडतो, आणि तिथे ती पडते, कारण जेवण गोडसर असलं की कोरडी वाईन एकदम पातळ आणि आंबट वाटायला लागते. शेनिन किंचित गोड असते (निदान आपल्याकडे जास्त विकली जाणारी तरी), त्या गोडव्याने मिरची शांत होते, आंबटपणामुळे खोबऱ्याचा तुपकटपणा कापला जातो आणि गुळाशीही भांडण नाही. मला विचाराल तर डोळे मिटून शेनिन. यंदा त्याच घरी ओल्या काजूच्या उसळीबरोबर तीच नेली, मैत्रिणीच्या आईने अर्धा ग्लास घेतला आणि म्हणाली, "ह्यां बरां लागता, तोंड जळणा नाय." मला तेवढं पुरे होतं.

भाजलेलं वाटप असेल तर गोष्ट वेगळी. काळ्या वाटाण्याचं सांबारं, भरली वांगी, यात खोबरं काळपट होईपर्यंत परतलेलं, लवंग, मिरी, बडीशेप, दगडफूल सगळं दणदणीत, तिथे व्हाइट जरा हरवते. इथे रोझे म्हणजे गुलाबी वाईन घ्या, झिनफँडेल द्राक्षाची मिळते तीही चालेल. रोझेत साल थोडाच वेळ रसात राहते म्हणून टॅनिन जवळजवळ नसतं, पण लाल फळांचा स्वाद असतो जो भाजक्या मसाल्याला पुरा पडतो. यजमानांना रेडच आवडते हे पक्कं माहीत असेल तर हलकी, कमी टॅनिनची बघा आणि वाढायच्या आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. "रेड रूम टेंपरेचरला" हे युरोपातल्या थंड खोल्यांसाठी ठीक आहे, मेमधल्या मालवणच्या खोलीसाठी नाही.

तळणीचा बेत असला, वडे, भजी, तळलेले गरे, तर ब्रूट स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची कोरडी वाईन. बुडबुडे आणि आंबटपणा तेलकटपणा धुऊन टाकतात, शिवाय सगळे यायच्या आधी नुसती प्यायलाही बरी. गोडाचं पान असेल तर नियम एकच, वाईन पदार्थापेक्षा गोड हवी, म्हणून रस-शिरवाळ्यांबरोबर लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड) शेनिन, सुलाची 375 मिलीची छोटी बाटली येते ती चौघांना पुरते. उकडीच्या मोदकांबरोबर मात्र मी काहीही नेणार नाही, त्यांना साजूक तूप हवं, वाईन नको.

सोलकढीबद्दल वेगळं सांगते. कोकमाचा आंबटपणा इतका टोकाचा असतो की त्यावर घेतलेली कुठलीही वाईन बेचव लागते. एक तर वाईन जेवणाच्या सुरुवातीला आणि सोलकढी शेवटी भाताबरोबर घ्या, नाहीतर त्या दिवशी वाईन नेऊच नका.

आता शाकाहाराचा मुद्दा, जो बरेच जण धरतच नाहीत. वाईन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा आयसिंग्लास वापरतात. आयसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून केलेला पदार्थ, आपले मच्छीमार घोळीचा बोत म्हणतात तसलाच अवयव. गाळून झाल्यावर वाईनमध्ये त्याचा अंश फार तर नाममात्र उरतो, पण मासे-अंडी न खाणाऱ्या घरी नेताना ही गोष्ट आपल्यालाच महत्त्वाची वाटायला हवी. बेंटोनाइट नावाच्या मातीनेही हे काम होतं आणि अशा वाईन शाकाहारींना चालतात. बाटलीवर हिरवा ठिपका असेलच असं नाही, म्हणून मागच्या लेबलवर व्हेगन लिहिलंय का बघा, नसेल तर कंपनीला मेल टाकून विचारा, दोन दिवस आधी विचारलंत तर वेळेत कळतं.

आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांनो, गोव्यात स्वस्त मिळते म्हणून तिकडून बाटली आणू नका, परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याला तपासणी होते. बाटली इकडच्याच दुकानातून घ्या आणि शक्यतो फिरकीच्या झाकणाची, कारण ज्या घरात वाईन रोज नसते तिथे बूच काढायचा स्क्रू सापडेलच असं नाही. गाडीत डिकीत टाकू नका, उन्हात उभ्या गाडीत तासाभरात वाईन शिजल्यासारखी होते. मासे आणायचा थर्माकोलचा डबा नको, त्याचा वास जात नाही, साध्या बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवली की वीस-पंचवीस मिनिटांत हवी तेवढी गार होते, आणि हे यजमानांच्या घरी पोचल्यावर मागच्या पडवीत करता येतं.