हरकत अर्ज की लेखी निवेदन? लॉर्ड्स सभागृहातील रेल्वे छाननीच्या दोन वाटा

ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये मतदारांनी निवडून दिलेला एकही सदस्य नसतो. तरीही लंडन ते बर्मिंगहॅम या ‘हाय स्पीड टू’ रेल्वेमार्गाची छाननी या सभागृहाने दोन निरनिराळ्या समित्यांमार्फत केली. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या घराशेजारून उद्या असा मार्ग आखला गेला, तर आपले म्हणणे कोणत्या समितीपुढे मांडायचे हे त्यांना वेळेत ठरवावे लागेल.

पहिली वाट हरकत अर्जाची. असा प्रकल्प हायब्रिड विधेयकाने मंजूर होतो, म्हणजे देशाचे धोरण आणि ठरावीक लोकांच्या जमिनी घेण्याचा अधिकार एकाच विधेयकात येतात, आणि म्हणूनच बाधितांना दोन्ही सभागृहांच्या प्रवर समित्यांपुढे दाद मागता येते. हे विधेयक नोव्हेंबर 2013 मध्ये कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या सदस्यांच्या सभागृहात, मांडले गेले. लॉर्ड्समध्ये ते 2016 साली पोहोचले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश लॉर्ड वॉकर यांच्या समितीकडे आठशेहून अधिक अर्ज आले. अर्जाचे शुल्क होते 20 पौंड, आणि वकील लावण्याची सक्ती नव्हती. अर्जदार स्वतः समितीसमोर बसतो, आपल्या गल्लीचा नकाशा, मालमोटारींचा रस्ता, आवाजाचा त्रास दाखवतो, आणि सरकारचे वकील त्याला तिथल्या तिथे उत्तर देतात.

मात्र दुसऱ्या वाचनात विधेयकाचे तत्त्व मान्य झालेले असल्याने ‘हा मार्गच नको’ हे म्हणणे समिती ऐकत नाही. शिवाय विधेयकाच्या हद्दीबाहेरची जमीन घ्यावी लागेल असा बदल सुचवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा निर्णय वॉकर समितीने दिला. भुयार लांबवण्यासारखी मोठी मागणी असेल तर तिची जागा कॉमन्समध्येच आहे. तिथे गप्प राहून लॉर्ड्सवर भिस्त ठेवणे मला फार धोक्याचे वाटते.

दुसरी वाट लेखी निवेदनाची. लॉर्ड्सच्याच अर्थविषयक समितीपुढे ते देण्यासाठी आपण बाधित असण्याची अट नाही, शुल्कही नाही. इथे मूळ प्रश्नच विचारता येतो: एवढा खर्च करावा का, आणि इथेच करावा का? लॉर्ड हॉलिक यांच्या अध्यक्षतेखाली मार्च 2015 मध्ये आणि लॉर्ड फोर्साइथ यांच्या अध्यक्षतेखाली मे 2019 मध्ये या समितीने याच प्रकल्पावर परखड अहवाल दिले. दुसऱ्या अहवालात गाड्यांचा वेग कमी ठेवण्याचा, मार्ग मध्य लंडनमधील यूस्टन स्थानकाऐवजी पश्चिम लंडनमधील ओल्ड ओक कॉमनला थांबवण्याचा विचार व्हावा आणि उत्तर इंग्लंडच्या रेल्वेला प्राधान्य मिळावे, असा आग्रह होता. सरकारने उत्तर देणे अपेक्षित असते, शिफारस पाळणे बंधनकारक नसते. फेब्रुवारी 2020 मध्ये प्रकल्पाला पुन्हा हिरवा कंदील मिळाला. बर्मिंगहॅमच्या पुढचा टप्पा ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द झाला, तो पंतप्रधान सुनक यांच्या निर्णयाने.

म्हणजे मूळ प्रश्न विचारणाऱ्या समितीच्या हाती सरकारला बांधील करण्याचा अधिकार नाही, आणि जिच्या हाती विधेयकात दुरुस्ती करण्याचे बळ आहे तिला तो प्रश्न विचारता येत नाही. मला ही या व्यवस्थेची खरी उणीव वाटते, कारण घर जाणाऱ्या माणसाच्या मनात हे दोन प्रश्न कधीच वेगळे नसतात.

ज्यांचे घर, दुकान किंवा रोजचा रस्ता बाधित होतो त्यांनी हरकत अर्जच करावा, आणि तो कॉमन्सपासूनच करावा. समितीचा आदेश क्वचितच मिळतो, पण सुनावणीची तारीख लागली की प्रकल्पाचे अधिकारी बोलणी करायला येतात. कित्येक अर्ज अशा बोलण्यांतच मिटले आहेत. त्या वेळी तोंडी शब्दावर अर्ज मागे घेऊ नये. कामाचे तास, मालमोटारींचा मार्ग, धुळीची मोजणी हे सारे लेखी हमीत उतरवून घ्यावे आणि ती हमी प्रकल्पाच्या हमी-नोंदवहीत चढली आहे याची खात्री करावी, कारण काम सुरू झाल्यावर कंत्राटदारापुढे ठेवायला तोच कागद हाती असतो.