अंक झुलूत शिकवावेत की इंग्रजीत?

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात बहुतेक ग्रामीण शाळा पहिली ते तिसरी गणित तिथल्या मातृभाषेत, झुलूत शिकवतात आणि २०२४ पर्यंत चौथीला थेट इंग्रजीवर उडी मारत.

झुलूत ११ म्हणजे ‘इशुमी नान्ये’, दहा आणि एक. २० म्हणजे ‘अमाशुमी अमाबिली’, दोन दहा. दशक-एकक शब्दातच उघडं पडतं. दहा काड्यांचा एक गठ्ठा आणि बाजूला एक सुटी काडी ठेवली की मूल जे पाहतं तेच म्हणतं. इंग्रजीतल्या ‘इलेव्हन’मधून दहा काही ऐकू येत नाही, तो नुसता पाठच करावा लागतो. (आपल्याकडे बालभारतीने २०१९ मध्ये ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आणलं, ते अशाच अडचणीपायी.)

झुलूची गोची लांबीत आहे. ८ म्हणजे ‘इसिशियागालोम्बिली’, दोन बोटं सोडलेली. ९९ म्हणताना दम लागतो, पाढ्यांची लय तुटते. तिथे इंग्रजी अंकनाव सुटसुटीत. म्हणून तोंडी मोजणीला इंग्रजी चालू द्यावी, पण स्थानिक किंमत आणि हातच्याची बेरीज झुलूतच समजवावी.

खरी गफलत इंग्रजीतल्या शाब्दिक उदाहरणांत होते. ‘सिफोकडे १२ आंबे, थांडीपेक्षा ५ मोअर, थांडीकडे किती?’ ‘मोअर’ दिसताच मूल १२ मध्ये ५ मिळवून १७ लिहितं; उत्तर ७. शिक्षकाला वाटतं वजाबाकी कच्ची. तेच उदाहरण आधी झुलूत वाचून दाखवावं. आता उत्तर बरोबर आलं तर अडचण गणिताची नव्हे, वाक्याची.

२०२५ पासून चौथीतही मातृभाषा आणि इंग्रजी जोडीने वापरायला तिथे सुरुवात झाली आहे.